गुरुवारचे वाटाणे

आल्गोत सान्दिन हेलाबूदा नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात एकतीस वर्षं नोकरीला होता आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही मनाने खचून रजेवर गेला नव्हता. ही गोष्ट बरीच वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. आली तेव्हा मात्र नगरपालिकेला ती चांगलीच खटकली.

त्या खात्यात न खचता राहणं तसं सोपं नव्हतं. दक्षिण स्वीडनच्या जंगलातलं ते गाव. हिवाळाभर माणसाला झाडं आणि अंधार यांखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे मार्च उजाडला की जो तो व्हरांडा बांधायला काढतो. व्हरांडा नियमापेक्षा चाळीस सेंटिमीटर पुढे येतो, शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याचा एक तुकडा खातो, आणि मग दोघंही आल्गोतच्या टेबलापाशी हजर होतात. लोकांच्या व्हरांड्यांना वाटाण्याच्या अक्षता लावणं हाच आल्गोतचा व्यवसाय. त्या तो लेखी लावत असे. तीन परिच्छेद, खाली सही, आणि सहीखाली, 'या निर्णयाविरुद्ध तीन आठवड्यांत अपील करता येईल.' लोक फोनवर किंचाळत. एका बाईंनी तर पाडायला लावलेला कठडाच उचलून आणून त्याच्या टेबलावर ठेवला होता. आल्गोतने त्या कठड्याला आवक क्रमांक दिला.

खात्यातली बाकीची मंडळी पाळीपाळीने खचत. नकाशे सांभाळणारी गुन्नेल दोनदा खचली होती. आल्गोतच्या समोरच्या टेबलावरचा स्तुरे एकदाच खचला, पण अख्खा शरद ऋतू खचला. तो नेमका एल्कच्या शिकारीचा हंगाम होता, यावर कुणी काही बोललं नाही. आधीचा खातेप्रमुख तर इतका खचला की आता गोतलांड बेटावर मेंढ्या पाळतो आणि नाताळला खात्याला मेंढ्यांचे फोटो पाठवतो. खचून परतलेल्या माणसाला खात्यात एक वजन असे. तो बैठकीत 'मला आता माझ्या मर्यादा कळल्या आहेत' असं म्हणू शके, आणि मग त्याच्याकडे अवघड फायली जात नसत. त्या आल्गोतकडे जात.

मेंढ्यांवाल्याच्या जागी इल्वा ब्रुंदिन आली. वय अडतीस, स्टॉकहोमला नेतृत्वाचा अभ्यासक्रम करून आलेली, स्वभावाने अतिशय सालस. तिने आजवर कुणाचंही वाईट चिंतलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्या तावडीतून सुटायला काही निमित्तच सापडत नसे. आल्या आल्या तिने प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचं ठरवलं. त्यासाठी एक छोटी खोली होती. खोलीत दोन मऊ खुर्च्या, एक कुंडी आणि डोळे पुसायच्या कागदांचं खोकं.

"आल्गोत, मी तुझी फाईल बघितली," इल्वा म्हणाली. "एकतीस वर्षं. एकसुद्धा मोठी रजा नाही. खरं सांगू? मला काळजी वाटली."

"सर्दी झाली होती. चौऱ्याण्णवमध्ये."

"ते नाही रे. आत. आतमध्ये काही?"

"आत काही नाही."

"काही नाही, की तू बघितलंच नाहीयेस?"

आल्गोतने कुंडीकडे बघितलं. कुंडी प्लॅस्टिकची होती आणि झाडही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"आज गुरुवार आहे," तो म्हणाला. "मला चारला निघायचंय."

"चारला काय असतं?"

आल्गोतला खोटं बोलता येत नसे. तो गुण त्याने कधी मुद्दाम कमावला नव्हता. खोटं बोलायला जी थोडी हौस लागते ती त्याच्यात नव्हती.

"वाटाणे," तो म्हणाला.

आता गुरुवारी वाटाण्याचं सूप तर सगळा देशच खातो. शाळांत असतं, लष्करात असतं, कचेरीच्या उपाहारगृहातही असतं. वर मोहरीची चटणी, आणि मागाहून जॅम लावलेली पातळ धिरडी. हे का, ते कुणी विचारत नाही. गुरुवार आहे म्हणून. पण घरी बहुतेक जण डबा फोडतात. आल्गोत बुधवारी संध्याकाळी अख्खे पिवळे वाटाणे भिजत घालत असे. गुरुवारी चारला निघून, सायकलने घरी येऊन, बूट काढून, तो पातेलं चुलीवर चढवी. वाटाणे उकळायला लागले की त्यांच्या साली सुटून वर तरंगतात. कुणी त्या तशाच ठेवतात, कुणी झाऱ्याने दोन-चार वेळा वरवर काढून टाकतात. आल्गोत सगळ्या काढत असे. एक वर आली की काढायची, बशीत ठेवायची, पुढचीची वाट बघायची. याला एक तास दहा मिनिटं लागत. त्या वेळात तो कसलाही विचार करत नसे. आठवडाभराचे व्हरांडे, कठडे, किंचाळ्या त्या वाफेतून कुठेतरी निघून जात आणि साडेपाचला आल्गोत सान्दिन पुन्हा सात दिवस लोकांना नकार देण्याजोगा होई.

घरात तो एकटाच होता. बायको, बिर्गिता, नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या गावी राहायला गेली. भांडण वगैरे काही झालं नाही. जाताना दारात म्हणाली, "एकदा तरी मला नाही म्हणाला असतास ना आल्गोत, तर थांबले असते." त्यावर आल्गोत म्हणाला, "बरं." लेखी नकार देताना त्याचा हात कधी थरथरला नाही, पण तोंडाने नाही म्हणायचा प्रसंग आला की त्याच्या घशात काहीतरी अडके आणि बाहेर पडताना ते 'हो'सारखंच काहीतरी होऊन पडे.

यातलं जमेल तेवढं त्याने इल्वाला सांगितलं. म्हणजे वाटाण्यांचं सांगितलं.

"सगळ्या साली?" इल्वाने विचारलं.

"निघतील तेवढ्या."

"आणि त्या वेळी तू काय विचार करतोस?"

"काही नाही."

इल्वाने खोक्यातून एक कागद ओढला आणि डोळ्यांना लावला. "आल्गोत," ती म्हणाली, "तुला कळतंय का तुझ्याकडे काय आहे ते?"

नगरपालिकेच्या प्रत्येक नोकराला आठवड्यातला एक तास आरोग्यासाठी मिळतो. त्या तासात काय केलेलं चालेल याची यादी आहे. चालणं, पोहणं, बर्फावर घसरणं, योग, आणि 'मार्गदर्शनाखाली स्वस्थ बसणं'. स्वयंपाक त्या यादीत नव्हता. इल्वाने तीन आठवड्यांत तो घालून घेतला. प्रकल्प प्रायोगिक होता, भाग घेणारे सात, वार गुरुवार. जागेचा तेवढा प्रश्न होता, कारण नगरपालिकेच्या इमारतीत अकरा मायक्रोवेव्ह होते आणि एकही चूल नव्हती.

"म्हणून मी म्हटलं," इल्वा म्हणाली, "योग्य जागा मिळेपर्यंत, तुझ्याच स्वयंपाकघरात? तुला चालणार असेल तरच हं. अगदी मनापासून सांग."

"हो, तसं करता येईल कदाचित," आल्गोत म्हणाला.

हेलाबूदात याहून कडक नकार कुणी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे ऐकून आल्या पावली परत गेलं असतं. पण इल्वाने स्टॉकहोमला शिक्षण घेतलं होतं; तिथे समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकवतात. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले.

पहिल्या गुरुवारी आल्गोतच्या दारात बुटांच्या सात जोड्या लागल्या आणि सात माणसं पायमोज्यांवर त्याच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. स्वयंपाकघर एका माणसाचं होतं. दोन माणसं असती तर एकाला सारखं 'जरा सरक' म्हणावं लागलं असतं. स्तुरे फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभा राहिला आणि वर्षभर तिथेच उभा राहिला.

इल्वाने पितळेची एक छोटी घंटा आणली होती. घंटा वाजली की प्रत्येकाने आज दाराबाहेर काय ठेवून आलो ते सांगायचं. गुन्नेल म्हणाली, मी माझी अपेक्षा ठेवून आले. मोजणी खात्यातला एक जण म्हणाला, मी माझ्या वडिलांना ठेवून आलो. स्तुरे म्हणाला, "बूट." आल्गोतची पाळी आली तेव्हा पातेल्यात पहिली साल वर आली होती, आणि ती काढायला तो पुढे झाला तर इल्वा हळूच म्हणाली, "घाई नको रे. तिला थोडी राहू दे. सगळ्यांना बघू दे."

सगळ्यांनी साल बघितली.

मग आहाराचे प्रश्न निघाले. गुन्नेलला डुकराचं मांस चालत नव्हतं. एकाला मोहरी चालत नव्हती. एकीला कडधान्यंच सोसत नव्हती, पण गटात राहायचं होतं, म्हणून ती हातात कोरडे वाटाणे घेऊन बसे. वाटाणे भिजवताना पाण्यात सोडा घालावा का, यावर एक उपसमिती नेमली गेली. सालींची वाटणी झाली. एका माणसाने एका वेळी एकच साल काढायची आणि झारा पुढच्याकडे द्यायचा. आल्गोतच्या वाट्याला, सगळं धरून, नऊ साली येत. बाकीच्या सूपात तशाच राहत आणि दातांत अडकत.

शेवटी धिरडी. माणशी दोन या हिशेबाने केली तरी शेवटी एक उरेच, आणि शेवटचा तुकडा उचलणारा माणूस त्या देशात अजून जन्माला यायचाय. कुणीतरी त्याचं अर्धं करी. थोड्या वेळाने दुसरं कुणी त्या अर्ध्याचं अर्धं. साडेसहाला बशीत पोस्टाच्या तिकिटाएवढं धिरडं असे, आणि ते संपलं नाही म्हणून कुणी उठत नसे. आल्गोत त्या तिकिटाकडे बघत बसे.

नगरपालिकेच्या आरोग्य विभागातल्या नर्सने सगळ्यांच्या मनगटांना नाडी मोजायचे पट्टे बांधले होते. गुरुवारी चार ते साडेसहा या वेळात सर्वांत जोरात पळणारी नाडी आल्गोतची निघाली. अहवालात लिहिलं होतं, 'प्रवर्तकाचा उत्साह विशेष जाणवतो.'

आणि गंमत अशी, की कुणी काही बोललं नाही. म्हणजे मोकळेपणाने बोलण्याची वेगळी वीस मिनिटं राखलेली होती, त्यातही कुणी काही बोललं नाही. कुणी विचारलं, 'कसं झालं?' की सगळे म्हणत, 'छान. बरं वाटलं.' मग आपापले बूट घालत, अंधारात सायकली काढत आणि एकमेकांकडे न बघता निघून जात. वर्षभरात आल्गोतचं वजन चार किलोने उतरलं. नोव्हेंबरमध्ये एका व्हरांडावाल्याशी बोलताना त्याने 'ठीक आहे' हे शब्द गरजेपेक्षा किंचित मोठ्याने उच्चारले. दोन खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी तो घरी जाऊन शांत व्हायला बटाटे सोलत बसला. पण तो मंगळवार होता, आणि बटाटे सोलायला फार तर दहा मिनिटं लागतात.

जानेवारीत मूल्यमापन झालं. एक ते पाच गुण द्यायचे होते. एक देणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर बोलणं झालं, पाच देणं म्हणजे मिरवणं झालं. सातही जणांनी चार दिले. आल्गोतनेही चार दिले. सातपैकी सात जणांनी चार दिल्याचं उदाहरण जिल्ह्यात नव्हतं, त्यामुळे जिल्ह्याने दखल घेतली.

"पाच गट!" इल्वाने बैठकीत जाहीर केलं. तिचे गाल लाल झाले होते. "सोमवार ते शुक्रवार, आल्गोतच्याच स्वयंपाकघरात. शाळांमधले लोक, ग्रंथालयातले, अग्निशमनवाले. आणि नाव ठरलंय, 'आल्गोत-पद्धत'. अर्थात, हे सगळं आल्गोतला चालणार असेल तरच."

सगळे आल्गोतकडे वळले.

"पाच फार होतात का?" इल्वाने मायेने विचारलं.

"पाच... पाच म्हणजे पाच आहेत," आल्गोत म्हणाला.

"मग असं ठरवायचं का?"

कुणी बोललं नाही. तिथे असंच ठरतं.

त्या रात्री झोपताना आल्गोतला पाच पातेली दिसली. सकाळी उठून तो कचेरीत गेला, टेबलापाशी बसला आणि समोर एका माणसाचा अर्ज होता, ज्याला आपल्या गाडीच्या शेडमध्ये केशकर्तनालय काढायचं होतं. आल्गोतने सवयीने लिहायला घेतलं, 'राहत्या वास्तूचा वापर नियमितपणे अन्य कारणासाठी करावयाचा असल्यास वापरबदलाचा परवाना आवश्यक आहे.' लिहून झाल्यावर त्याने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या लिखाणात काही अर्थ आढळला.

दुपारी त्याने स्वतःच्या नावाने अर्ज भरला. राहत्या घरातलं स्वयंपाकघर, सामूहिक आरोग्य-उपक्रमासाठी, आठवड्यातून पाच दिवस. सोबत शंभरास एक या प्रमाणात नकाशा जोडला. त्यात चूल, खिडकी, फ्रिज आणि फ्रिजशेजारची फट मापासकट दाखवली. आता स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय देता येत नाही. अर्ज समोरच्या टेबलावर गेला.

स्तुरे आणि तो बावीस वर्षं समोरासमोर बसत होते. या बावीस वर्षांत त्यांच्यात हवामान आणि एल्क सोडून तिसरा विषय निघाला नव्हता, आणि दोघांनाही तो कधी कमी पडला नव्हता. स्तुरेने अर्ज वाचायला पाऊण तास घेतला.

"अर्ज नीट लिहिलायस," तो म्हणाला.

"लिहिलाय."

"फारच नीट. यात खोड काढायची म्हणजे माणसाला मेहनत पडेल."

"मी यावर तुझ्याशी बोलणं नियमात बसत नाही," आल्गोत म्हणाला.

"नाही बसत. बोलूच नकोस." स्तुरेने नकाशा उजेडाकडे धरला. "दाराची रुंदी शहात्तर लिहिलीयस."

"शहात्तरच आहे."

"सभेच्या जागेला नव्वद लागते."

"मी काही म्हटलेलं नाही."

"तू काही म्हटलेलं नाहीस. मी स्वतःशी बोलतोय. वय झालं की माणूस बोलतो." त्याने नकाशा उलटा फिरवला. "तुझ्याकडे संडास एकच ना रे?"

"एकच."

"अरेरे," स्तुरे म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते आल्गोतने फक्त ऑक्टोबरात, शिकारीच्या पहिल्या सकाळी पाहिलं होतं. "आणि धूर जायला काय? एकच पंखा? बरं बरं. ही फट बघ, साठ सेंटिमीटर. आग लागली तर त्या फटीतला माणूस बाहेर कसा येणार? वर्षभर मी... म्हणजे, तिथे एखादा माणूस उभा राहत असेल असं समज. त्याचा कुणी विचार केलाय का?"

"आज थंडी आहे," आल्गोत म्हणाला.

"उणे सात," स्तुरे म्हणाला आणि लिहायला लागला.

निर्णय तीन दिवसांत आला. नामंजूर. कारणं चौदा. त्या टेबलावरून एका अर्जाला आजवर पाचाहून जास्त कारणं गेली नव्हती. आल्गोतने कारणं घरी नेऊन जेवताना वाचली. नववं कारण, सांडपाण्याच्या नळीच्या व्यासाबद्दलचं, त्याने दोनदा वाचलं. माणसाला आपल्यासाठी इतकी मेहनत कुणी घेईल असं वाटत नाही. खाली नेहमीचं वाक्य होतंच. अपील तीन आठवड्यांत, आणि अपील करण्याचा हक्क फक्त अर्जदाराला.

म्हणजे तीन आठवडे गप्प बसलं की झालं. गप्प बसण्यात आल्गोतचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

तोपर्यंत उपक्रम अर्थातच थांबवावा लागला. विनापरवाना चालवणं नगरपालिकेला शोभलं नसतं. इल्वाने पहिला आठवडा दुःखात काढला. दुसऱ्या आठवड्यात ती गप्प होती. आल्गोतने दोन गुरुवार एकट्याने साली काढल्या, पण कान दाराकडे ठेवून, आणि असं कान लावून काढलेल्या सालींचा माणसाला काही उपयोग होत नाही. तिसरा गुरुवार हा मुदतीचा शेवटचा दिवस. पाचच्या आत अपील पोचलं नाही की निर्णय कायम.

चार वाजून वीस मिनिटांनी पातेलं उकळायला लागलं. साडेचारला दारावरची घंटा वाजली.

इल्वा होती. टोपीवर बर्फ, सायकल हातात, आणि काखेत फाईल.

"आत नाही येत, वेळ नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "आल्गोत, मी तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून लिहिलंय. चौदा कारणं, चौदा उत्तरं. दार रुंद करता येतं. नळी बदलता येते. संडासाचं मी बांधकाम समितीशी बोलले, अंगणात तात्पुरता ठेवता येईल. तुला फक्त सही करायचीय. मी इथून थेट कचेरीत जाते, पाचच्या आत पोचते." तिने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि पेन पुढे केलं. "इथे. आणि इथे."

आल्गोतने पेन घेतलं. समोर दिलेलं पेन न घेणं त्याला माहीत नव्हतं.

चौदा उत्तरं व्यवस्थित टाइप केलेली होती. सवयीने त्याने चौदाही वाचून काढली. शेवटच्या पानावर त्याचं नाव होतं आणि नावाखाली ओळ.

"इल्वा," तो म्हणाला, "हे तू कशाला केलंस?"

"कशाला म्हणजे?" ती हसली, मग हसायची थांबली. "मला झोप लागत नाही रे. दोन वर्षं. गोळ्या घेतल्या, पोहले, ते मार्गदर्शनाखाली बसणंही केलं. तुझ्याकडे आले त्या गुरुवारी रात्री मी सात तास झोपले. मग दर गुरुवारी. फक्त गुरुवारी. म्हणून तर मी पाच दिवस मागितले." तिने हातमोज्याने नाक पुसलं. "बाकीच्यांना कंटाळा आला होता हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मी काय आंधळी आहे? स्तुरे त्या फटीत उभा राहून झोपायचा."

आल्गोतला हे नको होतं. तिने साहेबीपणा केला असता तर सोपं गेलं असतं. तिने जिल्ह्याचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण दारात एक थकलेली बाई उभी होती आणि तिला फक्त सही हवी होती. एक सही. त्याने कागद भिंतीला टेकवला. पेन ओळीवर ठेवलं. 'आ' लिहिला. मग आतून, स्वयंपाकघरातून, वाटाण्यांचा तो जाड, संथ आवाज आला, बुडबुड बुडबुड, आणि त्याला कळलं की आता साली वर आल्या असतील आणि तिथे कुणीच नाही.

"नाही," आल्गोत म्हणाला.

इल्वाला ते ऐकू आलं नसावं. "अं?"

"नाही. मी सही करणार नाही. मला माझ्या स्वयंपाकघरात कुणी नकोय. पाच दिवस नको आणि एक दिवसही नको." त्याचे कान तापले होते. "पहिल्या दिवसापासून नको होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही, ही माझी चूक. पण नाही."

इल्वाच्या टोपीवरचा बर्फ वितळून कपाळावरून खाली आला.

"मग मी गुरुवारी काय करू?" तिने विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"बुधवारी वाटाणे भिजत घाल."

"घरी?"

"घरीच."

"एकटीने? घंटा नाही, काही नाही?"

"एकटीनेच. दुसरं कुणी असलं की होत नाही ते." आणि मग, हे फार कडक झालं असं वाटून, "अख्खे घे. डाळ घेऊ नकोस. डाळीला सालच नसते."

इल्वाने फाईल मिटली. फोन काढून तिने त्यात लिहिलं, 'बुध. वाटाणे. अख्खे.' मग पेन परत मागितलं, कारण ते नगरपालिकेचं होतं, आणि सायकल वळवून फाटकाकडे निघाली. पाच वाजायला बारा मिनिटं होती. ती कचेरीच्या दिशेला न जाता डावीकडे, घराकडे वळली, एवढं आल्गोतने पाहिलं आणि दार लावलं.

लावल्यावर त्याला वास आला.

करपलं होतं. पाणी आटून वाटाणे पातेल्याच्या बुडाला लागले होते. वर धूर आणि धुरात काही साली, ज्या आता काढून काही फायदा नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्याचं सूप करपलं. आल्गोतने चूल बंद केली, खिडकी उघडली, सगळा लगदा कचऱ्यात रिकामा केला आणि पातेल्यात वाकून बघितलं. बुडाला बोटभर जाड काळा थर, दगडासारखा.

त्याने बाह्या सारल्या, गरम पाणी ओतलं, तारेची घासणी घेतली आणि कडेपासून सुरुवात केली. थर हलायला तयार नव्हता. वीस मिनिटांनी नाण्याएवढी जागा चकाकली. खिडकीतून गार वारा येत होता, घासणीचा खर्र खर्र असा एकसुरी आवाज होत होता, आणि कुठलाही व्हरांडा, कुठलाही कठडा, इल्वाच्या टोपीवरचा बर्फसुद्धा त्याच्या डोक्यात नव्हता. सहाला अर्धं बूड दिसायला लागलं. सातला सगळं. रात्रीच्या जेवणाला पाव आणि चीज खावं लागणार होतं.

त्याने पातेलं दिव्याखाली धरून फिरवलं. मुठीच्या खालच्या बाजूला, आत, बोटाच्या पेराएवढा एक काळा डाग अजून राहिला होता. आल्गोत सान्दिनला बरं वाटलं. त्याने पुन्हा पाणी तापत ठेवलं.